उदाहरणादाखल एक बाई

नईम, मनामा
शुक्रवार

प्रिय कश्मिरा,

'प्रिय' लिहिलं आणि उठून चहा करायला गेले. परत आले तेव्हा तो शब्द तिथंच होता. खोडावासा वाटला, पण कागदावर पहिल्याच ओळीत खाडाखोड नको म्हणून राहू दिला. इतकाच अर्थ घे त्याचा.

तुझा व्हॉइस मेसेज मिळाला. ऐकला, आणि मग पुन्हा ऐकला, कारण शेवटी तुझा आवाज इतका भरून आला होता की शब्द कळेनात. तू माझ्याकडे एक गोष्ट मागितली आहेस आणि रविवारच्या आत मला हो किंवा नाही सांगायचं आहे. उत्तर या पत्रात शेवटी आहे. कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, पण या वेळी क्रमाने वाच. फोन करणार नाही, कारण फोनवर तू बोलतेस आणि मी विरघळते. आजवर असंच होत आलं. म्हणून कागद.

मी मीना सलमान बंदराजवळच्या आपल्या ऑफिसात पहिल्यांदा आले ते ऑगस्टात. गाडीतून उतरून दारापर्यंत जाईस्तोवर कुर्ता पाठीला चिकटला होता. जेवणाच्या खोलीत केरळची मंडळी एका टेबलाला, पाकिस्तानी मंडळी दुसऱ्याला, इंग्रज साहेब बाहेर जेवायला गेलेले. मी डबा घेऊन भिंतीकडे तोंड करून बसले. तू मागून आलीस आणि म्हणालीस, "मराठी ना गं तू? ठेच्याच्या वासावरून ओळखलं." माझ्या डब्यातला ठेचा न विचारता घेतलास, डोळ्यांत पाणी आलं तरी खात राहिलीस. त्या दिवसापासून माझं ओळखपत्राचं काम, घर बघणं, नईमच्या कुठल्या कोल्ड स्टोअरवाल्या वाण्याकडे ताजा कढीपत्ता मिळतो ते, सगळं तू दाखवलंस. हे मी विसरलेले नाही. विसरले असते तर हे पत्र चार ओळींत संपलं असतं.

आणखी एक गोष्ट तू केली नाहीस, ती मला त्याहून मोठी वाटली होती. तू पूर्ण नाव विचारलं नाहीस. उदगीरला, मग कॉलेजच्या होस्टेलात, मग पुण्यातल्या पहिल्या नोकरीत, कुणीही मराठी माणूस भेटला की तिसरं वाक्य ठरलेलं असायचं, "पूर्ण नाव काय?" आणि मी 'बनसोडे' म्हटलं की समोरचा क्षणभर थांबून "अच्छा, अच्छा" म्हणायचा. तो क्षण मला अगदी तोंडपाठ आहे. इथं मात्र गेटवरचा पहारेकरी कार्ड बघून 'इंडियन' म्हणायचा आणि दांडी वर करायचा. इथं इंडियन असणं म्हणजे काय ते पुढे कळलंच, पण सुरुवातीला मला हलकं वाटलं होतं, खरंच सांगते. आईला फोनवर म्हटलं, इकडे कुणी आडनाव विचारत नाही. आमच्या आईसाहेब, इंदुबाई, म्हणाल्या, "लई जीव लावायलीस त्या पोरीवर. जरा दमानं." मी त्यांच्यावरच चिडले होते.

तुला माझं काम कधी नीट समजलं नाही, कारण तू रिपोर्टिंगला, वरच्या मजल्यावर. म्हणून सांगते. पाइपाचा किंवा टाकीचा वेल्डिंगचा सांधा वरून कितीही गुळगुळीत दिसला तरी आत चीर असू शकते. त्यावर जेल लावायचं, प्रोब फिरवायचा, आवाजाची लाट आत जाऊन परत येते आणि पडद्यावर दिसते. बघता येणाऱ्याला चीर कुठं आहे ते कळतं. आमचे वडील, अण्णा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. लोखंडाचा वास मला लहानपणापासून घरचा वाटतो. अस्कर गावाला कंत्राटदाराच्या यार्डात जायचे तेव्हा मुनाफ फोरमन रोज माझ्याकडून यंत्र तपासून घ्यायचा, रोज माझ्याच सहीने सांधे पास व्हायचे, आणि रोज मला विचारायचा, "मॅडम, इन्स्पेक्टर साहब कब आएगा?" मी म्हणायचे, आलाय, तुझ्यासमोर उभा आहे. तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा. मला त्याचा राग यायचा नाही. त्याने कंपनीत बाई इन्स्पेक्टर पाहिलीच नव्हती, आणि काळी तर नाहीच. गोऱ्या बाईला त्याने तसं विचारलं नसतं. एकदा इंग्लंडहून एक मुलगी काम शिकायला आली, माझ्यामागे जेलची बाटली धरून उभी राहायची. मुनाफने पहिल्याच दिवशी तिच्यासाठी खुर्ची आणली आणि ड्रॉइंग तिच्या हातात दिलं. तिला बिचारीला ते उलटं आहे की सुलटं तेही कळेना.

उलट्या-सुलट्यावरून आठवलं. कंपनीच्या माहितीपत्रकासाठी फोटो काढले ते आठवतात? आपल्या साहेबाने, गॅरेथने, मला बोलावलं, यंत्र लावून दाखव म्हणाला. मी टाकीजवळ उभी राहिले. फोटोवाल्याने दिवा इकडे हलवला, तिकडे हलवला. मग गॅरेथ म्हणाला, चेहरा उजेडात नीट येत नाहीये, आणि तुला वरून खाली बोलावलं. माझं हेल्मेट तुझ्या डोक्यावर, माझा प्रोब तुझ्या हातात. जवळून घेतलेल्या फोटोत नुसता हात माझा राहिला, बाकी सगळीकडे चेहरा तुझा. आणि मोठ्या फोटोत तू प्रोब चक्क उलटा धरला आहेस, बाई, तारेच्या बाजूने टाकीला टेकवलास! ते माहितीपत्रक इथल्या सगळ्या कंपन्यांत फिरलं आणि एकाही माणसाने ते बोलून दाखवलं नाही. तेव्हा आपण दोघी जिन्यात बसून पोट धरून हसलो होतो. तू म्हणालीस, "जाऊ दे गं, फोटोच तर आहे." मीही म्हटलं, जाऊ दे.

जाऊ दे म्हटलेल्या गोष्टी आता एकेक करून परत येतायत. तुझ्या घरचं हळदीकुंकू घे. मी बौद्ध, त्यातून बिनलग्नाची, मला हळदीकुंकवाचं काय, पण तू म्हणालीस मदतीला ये, आणि मी दरवर्षी आले. गुळाची पोळी लाटली, वाणाच्या डब्या भरल्या. जुफेरच्या त्या चकचकीत हॉलमध्ये पुण्या-मुंबईच्या बायका बसलेल्या असायच्या, आणि तू प्रत्येकीची ओळख करून द्यायचीस. सौ. अमुक, सौ. तमुक, कुणाचे यजमान बँकेत, कुणाचे कुठल्या कंपनीत. माझ्यापाशी आलीस की म्हणायचीस, "आणि ही आमची मैत्री." नुसतं नाव, तेवढंच. एकीने विचारलं, मैत्री काय? आडनाव? तर तू पटकन म्हणालीस, "अगं, लातूरकडची आहे," आणि तिला पोळी वाढलीस. मी तेव्हा स्वतःला सांगितलं की तू मला त्या 'अच्छा, अच्छा'पासून वाचवते आहेस. आता वाटतं, तू तुझा हॉल वाचवत होतीस. दरवर्षी चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला तू येणार म्हणायचीस. कधी तुझ्या लेकीची, लीनाची परीक्षा, कधी डोकं दुखतंय. एकदा फक्त लीनाला पाठवलंस. ती माझ्या मांडीवर बसून दोन वाट्या खीर खाऊन गेली, आणि माझ्या निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीला हात लावून म्हणाली, "मावशी, यू लुक लाइक अ क्वीन."

त्याच लीनाने नंतर समुद्रावर छत्रीखालून बाहेर यायला नकार दिला. मी पाण्यात उभी राहून हाका मारत होते. म्हणाली, "मम्मा सेज आय विल बिकम लाइक मैत्री मावशी." तुझा चेहरा पडला. मीच हसून वेळ मारून नेली. तिला म्हटलं, माझ्यासारखी व्हायला फार अभ्यास करावा लागतो, नुसत्या उन्हानं भागत नाही. घरी येऊन आरशासमोर बराच वेळ उभी होते, हे तुला आज सांगते. लीना तिच्या बाबांच्या रंगावर गेली आहे म्हणून तुझ्या सासूबाई तिच्या अंगाला काय काय चोळतात ते तूच मला सांगितलंस, रडत. ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. आपल्यात काय बाहेर न्यायचं आणि काय नाही, याचा एक अलिखित नियम आहे असं मी समजत होते.

म्हणूनच त्या संध्याकाळी तुझ्या बाल्कनीत मी मनातलं सांगत बसले. तू म्हणालीस की पुण्याच्या कॉलेजात तुला लेडीज कोट्यातून प्रवेश मिळाला होता, एरवी कटऑफला अडकली असतीस. मीही सांगितलं, मला आमच्या राखीव जागेतून मिळाला. हे इथं मी फक्त तुला सांगितलं. लाज म्हणून लपवलं नव्हतं. ज्या घरातल्या आजीला, अण्णांच्या आईला, शाळेच्या ओसरीवरही चढू दिलं नाही, त्या घरातली मुलगी इंजिनिअर झाली, मला त्याचा अभिमान आहे. पण सारखं सारखं समजावून सांगायचा कंटाळा येतो, म्हणून बोलत नव्हते. तू टाळी दिलीस आणि म्हणालीस, "म्हणजे आपण दोघी कोट्यातल्याच की!" किती मोकळं वाटलं होतं मला.

आता टीम लीडच्या जागेवर येते. साइटच्या तपासणीचा पूर्ण गट त्या माणसाच्या हाताखाली. ती जागा माझी होती. मी असं म्हणते यात मोठेपणा नाही; सगळ्यांत जुनी मी, परीक्षा सगळ्या झालेल्या, आणि आपल्या गटातल्या जयेशला ते प्रोबचं, अल्ट्रासॉनिकचं काम मी शिकवलं. जागा जयेशला मिळाली. गॅरेथने मला आणि तुला त्याच्या केबिनमध्ये बसवून गोड आवाजात समजावलं की माझ्या कामाबद्दल तक्रार नाही, पण क्लायंटला साइटवर इंडियन लेडी नको असते, त्यांना वाटतं कंपनीने स्वस्तातलं माणूस पाठवलं. युरोपियन लेडी असती तर गोष्ट वेगळी. तू माझ्या शेजारच्या खुर्चीत होतीस. बाहेर आल्यावर माझ्यापेक्षा तूच जास्त तापली होतीस. म्हणालीस, "सोडायचं नाही त्याला. तक्रार कर. मी आहे ना!" तुझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून आपण तक्रार लिहिली. इंग्रजी सगळं तुझं. साक्षीदार म्हणून तुझं नाव तू स्वतः टाइप केलंस. मी एकटी असते तर तक्रार केलीच नसती, कश्मिरा. कटकट नको म्हणून गप्प बसले असते. मला त्या चौकशीच्या खोलीपर्यंत तू नेलंस.

आणि त्या खोलीत काय झालं ते तुला माहीत आहे, पण माझ्या खुर्चीवरून ते कसं दिसलं ते माहीत नाही. एचआरची सुहा मधोमध, एका बाजूला गॅरेथ, एका बाजूला तू. मी म्हटलं, बाई म्हणून डावललं. गॅरेथ म्हणाला, डॉक्युमेंटेशनची हेड बाईच आहे. ती इंग्रज आहे हे कुणी म्हणेना. मी म्हटलं, इंडियन म्हणून. तो म्हणाला, जयेश इंडियनच आहे. तो पुरुष आहे हेही कुणी म्हणेना. म्हणजे बायकांच्या रांगेत गोरी पुढे, इंडियनांच्या रांगेत पुरुष पुढे, आणि मी ज्या रांगेत उभी होते ती रांगच त्यांच्या हिशेबी नव्हती. मी तेच सांगायचा प्रयत्न केला, अडखळत. तेव्हा गॅरेथने तुझ्याकडे हात केला, दुकानात माल दाखवावा तसा, आणि म्हणाला, "कश्मिरा इज इंडियन. कश्मिरा इज अ वुमन." तिला रिपोर्टिंगची हेड करतोय आपण. मग अडचण कुठे आहे? ही बातमी मला तिथं कळली. सुहाने तुला विचारलं की क्लायंटबद्दल जे बोलल्याचं मैत्री सांगते आहे ते तू ऐकलंस का. तू म्हणालीस, मला नीट आठवत नाही. त्याच आठवड्यात तू ते आठवून माझ्यासमोर दातओठ खात होतीस.

तेवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित आज मी तुला माफ केलं असतं. बढती दिसली, घाबरलीस, व्हिसा, लीनाची शाळा, माणूस घाबरतो. पण गॅरेथ खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला की आम्हाला असंही समजलंय की हिचा कॉलेजचा प्रवेश कुठल्याशा कोट्यातून होता, गुणांवर नव्हे, तेव्हा टेक्निकल लीडच्या बाबतीत जरा जपून विचार करावा लागतो. कश्मिरा, तो माणूस भारतात विमान बदलण्यापुरतासुद्धा उतरलेला नाही. त्याला आपल्यातलं कोण कुठल्या पायरीवर ते कळायचं कारण नव्हतं. त्याच्या लेखी आपण सगळ्या एका रंगाच्या होतो. मी तुझ्याकडे पाहिलं. तू मान खाली घालून तुझ्या अंगठीशी खेळत होतीस. तरीही माझ्या डोक्यात तुझं नाव आलं नाही. मला वाटलं जयेश. तो मुंबईचा, त्याची जागा धोक्यात, त्यानेच आडनावावरून काढलं असेल. माझा विश्वास किती भाबडा होता बघ.

सुहाने सांगितलं. तिच्या मनात वाईट नव्हतं. दोन-तीन आठवड्यांनी एका टपरीवर इथला कडक, दुधाळ करक चहा घेताना तिने मला अगदी हळुवारपणे विचारलं की तुझा जो प्रॉब्लेम आहे तो मेडिकल आहे का. कारण कश्मिराने गॅरेथला तुमची सिस्टिम समजावून सांगितली, की काही लोकांना कमी मार्कांवर घेतात, आणि मैत्री त्यांच्यातली आहे, म्हणून तिला थोडा कॉम्प्लेक्स आहे, ती सगळीकडे अन्यायच बघते, तिचं मनावर घेऊ नका. सुहाला वाटलं मला काही आजार आहे. मी तिला सांगितलं, आजार आहे, पण मला नाही. तिला काही कळलं नाही. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि "खलास, हबीबती, खलास" म्हणाली, झालं गं, सोड आता, अशा अर्थानं. मी चहा पूर्ण प्यायले, बिल दिलं, टॅक्सी करून घरी आले आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले, कारण शेजारच्या खोलीत माझ्यासोबत राहणारी शाजिया झोपली होती आणि तिला कारण सांगायची माझ्यात ताकद नव्हती.

मला सर्वांत जास्त कशाचा राग आला ते सांगते. गॅरेथचा नाही. तो मला काळी बाई म्हणून ओळखतो आणि काळ्या बाईशी वागावं तसा वागला, त्यात नवीन काही नव्हतं. पण एक जागा होती जिथं माझं आडनाव पोचलेलं नव्हतं. समुद्र ओलांडून आले होते मी, तेवढ्याचसाठी नसलं तरी तेवढं मिळालं होतं. ते आडनाव तू हातात धरून त्याच्या केबिनमध्ये घेऊन गेलीस. कशासाठी? त्याला दोन इंडियन बायका सारख्याच दिसत होत्या, आणि तुला सारखं दिसायचं नव्हतं. तुला सांगायचं होतं, मी त्यातली नाही, ती त्यातली आहे. तू मला नुसतं मागे नाही ठेवलंस, माझ्या पाठीवर पाय ठेवून वर गेलीस. बढतीचे पेढे वाटलेस तेव्हा माझ्याही टेबलावर एक ठेवलास. मी खाल्ला. का खाल्ला ते मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर मी तुझ्याशी भांडले नाही, फक्त कमी बोलू लागले. तू विचारलंस, तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, दुपारच्या उन्हाचा त्रास होतो. उन्हाळ्यातल्या दुपारी काम बंद असतं हे तुलाही माहीत होतं, पण तू ते मान्य केलंस. आपल्या दोघींनाही तेच सोयीचं होतं.

आणि आता तुझा मेसेज. गॅरेथला एक शब्द नवीन मिळाला होता, कोटा. नवीन हत्यार मिळालं की माणूस ते एकदाच वापरून ठेवून देत नाही. त्याने इंटरनेटवर बघितलं असणार, आणि त्याला कळलं की तिकडे इंजिनिअरिंगला मुलींसाठीही राखीव जागा असतात. मोठ्या प्रोजेक्टचा रिपोर्ट चुकला, चूक कुणाची ते मला ठाऊक नाही, पण त्याने सगळ्यांसमोर तुला विचारलं, तुझी डिग्री त्याच कोट्यातली का? आडनावांतला फरक त्याला कधी दिसलाच नव्हता. तू त्याला ओझरती माहिती दिलीस आणि त्याने ती सगळ्या इंडियन बायकांना लावून टाकली. आता तुझं पद काढून घेतायत, तुझ्या जागी डॉक्युमेंटेशनच्या बाई. तू तक्रार केलीस. रविवारी, इकडचा कामाचा आठवडा सुरू होताच, तीच खोली, तीच सुहा. आणि तुला साक्षीदार हवी आहे, तो इंडियन बायकांबद्दल काय बोलतो ते सांगणारी. व्हॉइस मेसेजमध्ये तू म्हणालीस, "मैत्री, तुझ्याशिवाय मला कोण आहे इथं?" हे वाक्य ऐकून मी फोन उशीखाली ठेवला. हेच वाक्य माझ्या तोंडात किती दिवस होतं.

तुला माहीत नाही ती गोष्ट आता सांगते. काल, गुरुवारी, गॅरेथने मला बोलावलं. जयेश चालला आहे, त्याला कॅनडाचा व्हिसा मिळाला. टीम लीडची जागा रिकामी आहे. गॅरेथ म्हणाला, ही जागा खरं तर तुझीच होती. इतक्या सहज म्हणाला! मग म्हणाला, रविवारच्या मीटिंगचं तुझ्या कानावर आलं असेल, तिथं तू असायची गरज नाही, पण सोमवारी आपण तुझं नाव जाहीर करू. मला सगळं लख्ख दिसलं. तुझ्या तक्रारीला उत्तर म्हणून त्याला एक इंडियन बाई हवी आहे. तेव्हा माझ्यापुढे तुला उभं केलं, आता तुझ्यापुढे मला उभं करायचं. आणि या वेळी तर उदाहरण जास्त चांगलं आहे, इंडियन, बाई, आणि वर कोट्यातली. त्याहून दयाळू कंपनी कोणती असणार? मी विचार करून सांगते म्हणाले. जिन्यात आले आणि आपण हसलो होतो त्याच पायरीवर बसले. ती जागा मला हवी होती, कश्मिरा, अजूनही हवी आहे. रात्रभर मनात म्हणत होते, घे, तिने तर घेतलीच होती. आईला सकाळी फोन केला. सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "तुला काय करायचंय ते तू फोन लावायच्या आधीच ठरवलीस की."

तर उत्तर. मी रविवारी येणार आहे. ती जागा मला अशी नको, हे गॅरेथला खोलीत जाण्याआधीच सांगेन. पुढे माझ्या व्हिसाचं काय व्हायचं ते होईल. तो तुझ्याबद्दल, माझ्याबद्दल, आपल्यासारख्या सगळ्यांबद्दल काय बोलला ते मी सांगेन, कारण ते खरं आहे आणि मला ते नीट आठवतं. आणि सुहा जेव्हा विचारेल की हा कोट्याचा शब्द या माणसाकडे आला कुठून, तेव्हा तेही सांगेन, तुझं नाव घेऊन, तुझ्यासमोर. अर्धी साक्ष मला देता येत नाही. त्यावर तुला तक्रार मागे घ्यायची असेल तर शनिवारचा दिवस तुझ्या हातात आहे. हे पत्र मी एवढ्याचसाठी लिहिलं. उद्या सकाळी तुझ्या वॉचमनकडे देऊन जाईन. मला माझं जे काही झालं ते त्या खोलीत, सगळ्यांच्या देखत, पहिल्यांदा कळलं होतं. तुला ते तसं कळू नये. माझ्या शेजारी बस, आणि या वेळी मान वर ठेव.

लीनाला माझा पापा. आणि तुझी कोण, ते रविवारनंतर तूच ठरव.

मैत्री खंडू बनसोडे